पाण्यातल्या मिठाचा हिशेब



आज मी आपल्याशी मिठाविषयी बोलणार आहे. मीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाकरीशेजारची चिमूट येते. परंतु रसायनशास्त्रात मीठ, म्हणजे लवण, हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. डाळिंबावर फवारायचे मोरचूद, धुण्याचा सोडा, चोपण जमिनीत टाकायचे जिप्सम, विहिरीच्या पाण्यातले क्षार ही सारी धातूंची लवणेच. पाण्यात विरघळली की ती दिसेनाशी होतात. आणि दिसत नाहीत म्हणून आपण त्यांचा हिशेब ठेवत नाही. त्या हिशेबाचीच गोष्ट आज सांगायची आहे.

मी गणिताचा अध्यापक. कारखान्याशी माझा संबंध यायचे तसे कारण नव्हते. पण एका जुन्या विद्यार्थ्याचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत लहानसे डाईंग आहे. चादरी आणि टॉवेल यांसाठी लागणारे सूत तो रंगवून देतो. एका मे महिन्यात दुपारीच त्याचा निरोप आला, "सर, जरा येऊन जाता का? व्यापाऱ्यानं फसवलंय असं वाटतंय."

गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये ग्लॉबर सॉल्टची पोती रचलेली होती. रंगाच्या हौदात टाकायचे हे मीठ. डिसेंबरात पोती आली तेव्हा खडे कसे खडीसाखरेसारखे कोरडे होते. आता खालची पोती ओली, जमिनीवर पाण्याचा ओघळ, आणि पोत्यात हात घातला तर वर चिखलासारखा लगदा आणि तळाशी पांढरी भुकटी. विद्यार्थी म्हणाला, "पोत्यात पाणी मारलंय, सर. शिवाय आठ दिवस दोन लॉटचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. कडक पत्र लिहून ठेवलंय, फक्त टाकायचं राहिलंय."

मी म्हटले, "पत्र थांबव. आधी थर्मामीटर आण."

रंगाच्या हौदाचा थर्मामीटर पोत्याजवळ धरला. पारा एकोणचाळीस अंशांवर. तेवढ्यावर व्यापारी सुटला! कसे ते सांगतो.

ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सोडियम सल्फेट. सतराव्या शतकातल्या योहान ग्लॉबर या रसायनज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे. त्याच्या कोरड्या दिसणाऱ्या खड्यात सोडियम सल्फेटच्या एका रेणूबरोबर पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. वजनाने पाहिले तर शंभर किलो खड्यात मीठ फक्त ४४ किलो; उरलेले ५६ किलो निव्वळ पाणी. हे बांधलेले पाणी ३२.४ अंश सेल्सिअसपर्यंत खड्यात राहते. त्याच्यावर तापमान गेले की खडा ते पाणी सोडून देतो आणि स्वतःच्याच पाण्यात बराचसा विरघळतो. जे विरघळू शकत नाही ते पांढरी भुकटी होऊन तळाशी बसते. डिसेंबरातल्या सोलापुरात तो खडा खडाच राहतो. मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा लगदा होतो. पाणी कुणी मारलेले नव्हते. ते पोत्यातच विकत घेतलेले होते.

आणि रंग का जुळेनात? पोत्याच्या वरून घेतलेल्या एक किलो लगद्यात मीठ कमी, तळच्या एक किलो भुकटीत मीठ जास्त. माणसाने तराजूवर दोन्ही वेळा एक किलोच मोजले. हौदाला मात्र दोन वेळा वेगवेगळे मीठ मिळाले. तराजू खरे बोलत होता, पण त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

श्रोतेहो, माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. पाण्यात मीठ किती टाकले हा एक प्रश्न, आणि त्या पाण्यात मीठ काम किती करते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तराजू देतो. दुसऱ्याचे उत्तर गणिताने काढावे लागते. त्या गणितालाच मोठ्या भाषेत लवणाच्या द्रावणाचे ऊष्मागतिकीय प्रतिरूप, किंवा सोप्या शब्दांत मॉडेल, म्हणतात. मॉडेल म्हणजे कागदावरचा हौद. खऱ्या हौदात मीठ, रंग आणि वीज खर्ची घालण्यापूर्वी कागदावरच्या हौदात काय होईल ते पाहून घ्यायचे.

या हिशेबाचा पाया अमेरिकेतल्या विलर्ड गिब्ज यांनी १८७५ ते १८७८ या काळात घातला. त्यांनी सांगितले की कोणताही पदार्थ विरघळेल की साका होऊन तळाशी बसेल हे दोन खात्यांच्या बेरजेवर ठरते. एक खाते उष्णतेचे: कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत आणि सुटताना किती उष्णता घेतात किंवा देतात. दुसरे खाते पांगापांगीचे: कणांना मोकळे फिरायला किती वाव मिळतो. तापमान जितके जास्त, तितके दुसऱ्या खात्याचे वजन वाढते.

शेतकरी बंधूंना पहिल्या खात्याचा अनुभव आहे. युरिया बादलीत टाकून ढवळला की बादली बाहेरून गार लागते. म्हणजे विरघळताना युरिया पाण्यातली उष्णता ओढून घेतो. असा पदार्थ गरम पाण्यात अधिक विरघळणार, कारण त्याला हवी ती उष्णता तिथे मिळते. उलट जो पदार्थ विरघळताना उष्णता बाहेर टाकतो, तो पाणी तापवले की विरघळायला कुरकुर करतो.

आता ग्लॉबर सॉल्टची गंमत पाहा. पाणी बांधलेला खडा विरघळताना उष्णता घेतो. पाणी सोडलेली भुकटी विरघळताना थोडी उष्णता देते. म्हणून शंभर ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला सोडियम सल्फेट जेमतेम पाच ग्रॅम विरघळते, वीस अंशांना साडेएकोणीस, आणि ३२.४ अंशांना जवळजवळ पन्नास! तिथून पुढे मात्र पाणी तापवत नेले तर ते कमी होत जाते. शंभर अंशांना सुमारे बेचाळीस ग्रॅम उरते. चढत जाणारी रेषा अचानक वळून उतरू लागते. हे वळण का येते, कुठे येते, हे दोन खात्यांची बेरीज केली की कागदावर आधीच दिसते. शेजारी आपले साधे मीठ ठेवा: शून्य अंशाला सुमारे छत्तीस ग्रॅम, शंभर अंशांना एकोणचाळीस. त्याला थंडी आणि ऊन जवळजवळ सारखेच. दोन्ही सोडियमचीच लवणे, पण स्वभाव किती वेगळे!

येथवर गोष्ट सोपी होती. आता थोडे खोलात जाऊ.

मीठ पाण्यात गेले की त्याचे तुकडे होतात. आणि या तुकड्यांवर विजेचा भार असतो. सोडियमवर धन भार, क्लोराइडवर ऋण भार. अशा भारित कणाला आयन म्हणतात. स्वीडनच्या स्वांते आरेनियस यांनी १८८४ साली आपल्या प्रबंधात हा विचार मांडला, तेव्हा त्यांच्या परीक्षकांना तो फारसा रुचला नव्हता. १९०३ साली मात्र याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण लवकरच एक कोडे उभे राहिले. मिठाचे पाणी पातळ असेल तर हिशेब बरोबर जमे. पाणी जरा खारट झाले की मीठ टाकले असेल त्यापेक्षा कमी काम करताना दिसे. शंभर कण टाकावेत आणि नव्वदच टाकल्यासारखे वाटावे. उरलेले दहा गेले कुठे?

या कोड्याला हात घालणाऱ्यांत एक भारतीय तरुण होता. कलकत्त्याचे ज्ञानचंद्र घोष. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे आणि खरगपूरच्या आयआयटीचे ते संचालक झाले. १९१८ साली त्यांनी मांडले की अशा लवणांचे पाण्यात पूर्ण विभाजन होते. कण कुठेही गेलेले नाहीत. विजेच्या ओढीने ते एकमेकांत अडकल्यासारखे झाले आहेत. दिशा अचूक होती. एका ठिकाणी मात्र ते चुकले. त्यांनी धरले की पाण्यातही आयन स्फटिकातल्यासारखे ओळीने उभे असतात. १९२३ साली पीटर डिबाय आणि एरिख ह्यूकेल यांनी झुरिकला ही चूक दुरुस्त केली.

ही दुरुस्ती कोणती, ते शिक्षक बंधुभगिनींना चटकन कळेल. घोष यांचे आयन कवायतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांसारखे. डिबाय आणि ह्यूकेल म्हणाले, पाण्यात कवायत नसते, जत्रा असते. मकरसंक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. तिथला फुगेवाला डोळ्यांपुढे आणा. तो जाईल तिकडे त्याच्याभोवती मुलांचे कडे असते. मुले बदलतात, एक जाते, दुसरे येते, पण कडे काही मोडत नाही. पाण्यात प्रत्येक धन आयनाभोवती ऋण आयनांचे असेच एक फिरते कडे असते, आणि ऋणाभोवती धनाचे. त्या कड्यामुळे आयनाची मोकळीक कमी होते. म्हणून शंभर आयन नव्वदांइतके काम करतात. कुणी नाहीसे झालेले नाही. सगळे गर्दीत गुंतले आहेत.

यावरून त्यांनी एक नियम काढला. तो पाटीवर सोडवता येतो. एक लिटर पाण्यात अठ्ठावन्न ग्रॅमच्या आसपास मीठ टाकले तर त्याला एक माप म्हणू या. रसायनशास्त्रात त्याला एक मोल म्हणतात. मापाचे वर्गमूळ काढा, त्याला ०.५०९ ने गुणा, पुढे उणे चिन्ह द्या, आणि ज्या संख्येचा दहा आधाराचा लॉगरिदम एवढा येतो ती संख्या शोधा. ती संख्या म्हणजे मिठाची क्रियाशीलता: रुपयातले किती पैसे प्रत्यक्ष चालतात ते.

करून पाहू. मीठ मापाचा शंभरावा भाग असेल तर नियम सांगतो ८९ पैसे. प्रयोगशाळेतले मोजमाप सांगते ९० पैसे. वाहवा! मापाचा दहावा भाग असेल तर नियम सांगतो ६९; मोजमाप ७८. जरा बिनसले. पूर्ण एक माप असेल तर नियम म्हणतो ३१ पैसे, आणि प्रत्यक्षात येतात ६६. म्हणजे नियम साफ फसला.

वर्गात हे सांगितले की मुले विचारतात, "मग सर, नियम चुकीचा का?" मी सांगतो, नियम पातळ पाण्याचा आहे, त्याला दाट पाण्यात नेले ही चूक आपली. फार गर्दी झाली की आयन नुसते दुरून ओढले जात नाहीत, अंगाला अंग लागते. त्याहून पुढे आणखी एक अडचण येते. एक लिटर पाण्यात पाण्याचे सुमारे पंचावन्न मोल असतात. मीठ सहा मोल टाकले की आयन झाले बारा मोल. एका आयनाच्या वाट्याला पाण्याचे पाच रेणूदेखील येत नाहीत! प्रत्येक आयन आपल्याभोवती पाणी धरून बसतो, त्यामुळे मोकळे पाणीच दुर्मिळ होते. मग मिठाची क्रियाशीलता परत वर चढते. सहा मोलांना ती जवळजवळ पूर्ण रुपयावर येते. आधी उतरते, मग चढते. या दाट पाण्याचा हिशेब बसवण्यासाठी अमेरिकेतल्या केनेथ पिट्झर यांनी १९७३ साली जुन्या नियमाला नव्या पदांची जोड दिली. दोन आयन जवळ आले तर काय, तीन एकत्र आले तर काय, याची एकेक पद त्यात आहेत, आणि त्यांच्या किमती प्रत्यक्ष मोजमापांवरून ठरवतात. आज संगणकावर खाऱ्या पाण्याचे जे हिशेब होतात, त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात हे समीकरण आहे.

भार वाढला की गर्दीची ओढ आणखी वाढते. मोरचुदात तांबे आणि सल्फेट दोघांवरही दुप्पट भार. दुप्पट गुणिले दुप्पट, म्हणजे ओढ चौपट. एक लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम मोरचूद टाकले तर त्याची क्रियाशीलता किती? रुपयाला अवघे पंधरा पैसे! तराजू पंचवीस ग्रॅम म्हणतो ते खोटे नाही. पण पाण्यात उठून काम करणारे तांबे त्या मानाने फारच थोडे.

आता पुन्हा अक्कलकोट रोडला येऊ. रंगाच्या हौदात मीठ टाकतात तरी कशाला? मीठ काही सुताला चिकटत नाही.

कापसाचा धागा पाण्यात भिजला की त्याच्या अंगावर थोडा ऋण भार येतो. कापसाला लागणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांच्या रेणूंवरही ऋण भारच असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. रंग पाण्यातच तरंगत राहतो. मीठ टाकले की सोडियमचे धन आयन धाग्याभोवती कडे करतात. आठवा तो फुगेवाला: मुलांचे कडे दाट झाले की दुरून तो दिसतच नाही. तसा धाग्याचा ऋण भार रंगाला दिसेनासा होतो, आणि रंग धाग्यापाशी निर्धास्त येतो. मग सोडा टाकला की तो तिथे कायमचा बसतो.

धाग्याच्या भाराचा वचक किती अंतरापर्यंत पोचतो, हेही डिबाय आणि ह्यूकेल यांच्या हिशेबात निघते. पाण्यात मापाच्या शंभराव्या भागाइतके मीठ असेल तर तो सुमारे तीन नॅनोमीटर पोचतो; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मीठ शंभरपट केले की तो एक दशांश होतो. शंभरपट मिठाला दहापटच परिणाम, कारण मध्ये वर्गमूळ बसले आहे. दाट हौदात हे आकडे काटेकोर राहत नाहीत, पण दिशा तीच राहते. व्यवहारात याचा अर्थ असा की रंग चढत नाही म्हणून मीठ दुप्पट केले तर फायदा दुप्पट होत नाही, दीडपटही नाही. मीठ मात्र पुरते दुप्पट खर्च होते. माझ्या विद्यार्थ्याने वहीत वर्षभर हेच केले होते. रंग फिका आला की मीठ वाढव, पुन्हा फिका आला की पुन्हा वाढव.

आणि मीठ वाढवणे म्हणजे नेमके काय, हे ऐका. गडद रंगाला लिटरमागे साठ ग्रॅम मीठ धरले, आणि किलोभर सुताला दहा लिटर पाणी धरले, तर एक किलो सुतामागे सहाशे ग्रॅम मीठ झाले. रंग सुतावर बसतो, सूत बाजारात जाते. मीठ कुठे जाते? ते सगळेच्या सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते. मीठ जळत नाही, सडत नाही, जंतू त्याला खात नाहीत. रंगाच्या पाण्याचा रंग काढता येतो, वास घालवता येतो. पण हौदात टाकलेला सोडियमचा एकेक कण जगात कुठेतरी जाऊन बसतोच.

कुठे जाऊन बसेल? तो शेतात गेला तर काय होईल, हे घरातल्या बरणीवरून समजते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढते. झाडाच्या मुळाभोवती खारे पाणी असले की तेच होते. मुळाला पाणी ओढायला जोर लागतो. लिटरला तीन ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याची ही ओढ हवेच्या दाबाच्या दुपटीहून थोडी अधिक असते. उन्हाने जमिनीतले निम्मे पाणी उडाले की मीठ तेवढेच राहते आणि ओढ दुप्पट होते. म्हणून खाऱ्या जमिनीत, ओल असूनही, पीक दुपारी माना टाकते. आपल्या काळ्या जमिनीत सोडियमचा आणखी एक उपद्रव आहे. तो मातीच्या कणांना फोडून सुटे करतो, जमीन पाऊस पिईनाशी होते आणि वाळली की दगड होते. तिलाच आपण चोपण म्हणतो. जिप्सममधले कॅल्शियम दुप्पट भाराचे असल्याने ते मातीच्या कणांना पुन्हा जवळ आणते आणि सोडियमला हुसकून लावते. म्हणजे हौदातल्या धाग्याचा आणि शेतातल्या मातीचा हिशेब एकाच पानावरचा आहे.

मग मीठ पाण्यातून परत काढता येणार नाही का? येते. फुकट मात्र येत नाही. त्याची कमीत कमी किंमत किती, हेही आपला कागदावरचा हौद सांगतो. एक माप मिठाच्या पाण्यातून गोडे पाणी पडद्यातून ढकलून काढायचे तर किमान सेहेचाळीस वातावरणांचा दाब लागतो. तो दाब म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार! हजार लिटर गोड्या पाण्यामागे वीज धरली तर सुरुवातीला किमान सव्वा युनिट. पाणी निघत जाईल तसे उरलेले अधिक खारे होते आणि किंमत चढते. यंत्र कितीही चांगले असो, याच्या खाली कुणालाही जाता येत नाही. पण तेच हजार लिटर पाणी नुसते उकळून उडवले तर? सव्वासहाशे युनिटांइतकी उष्णता लागते. एकीकडे सव्वा, दुसरीकडे सव्वासहाशे! या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत साऱ्या यंत्रांची आणि अकलेची परीक्षा आहे. एका कढईची वाफ दुसऱ्या कढईला तापवायला वापरली, शक्य तेवढे पाणी पडद्याने काढले आणि उरलेलेच आटवले, की खर्च खाली येतो.

आणि ग्लॉबर सॉल्टच्या बाबतीत तर निसर्गानेच एक वाट ठेवली आहे. त्याचे दाट पाणी थंड केले की मीठ आपोआप खडे होऊन तळाशी बसते, कारण थंड पाण्यात ते फारच थोडे विरघळते. साधे मीठ असे वागणार नाही. म्हणून हौदात कोणते मीठ टाकायचे हे ठरवताना फक्त बाजारभाव पाहून चालत नाही. ते परत कसे मिळणार, हाही भाव त्यात धरावा लागतो.

या वाटेवर एक काटाही आहे. बोअरचे पाणी कठीण असते, त्यात कॅल्शियम असते. हौदातल्या सल्फेटशी त्याची गाठ पडली की जिप्समचा थर नळ्यांच्या आत बसतो. साध्या पाण्यात जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपासच विरघळते. पण दाट मिठाच्या पाण्यात ते दोन-तीन पट विरघळते, कारण कॅल्शियम तिथल्या गर्दीत गुंतून पडते. थर नेमका कधी बसणार, हे तराजूला सांगता येत नाही. क्रियाशीलतेचा हिशेब ते सांगतो. मात्र एक ध्यानात ठेवावे. कागदावरचा हौद पाण्याला विचारल्याशिवाय खरा ठरत नाही. मोजमाप चुकीचे घातले तर संगणक मोठ्या ऐटीत चुकीचे उत्तर देतो.

शिक्षक मित्रहो, हे सारे पाचशे रुपयांच्या आत शाळेत दाखवता येईल. धुण्याच्या सोड्याचे खडे आणा. निम्मे खडे लोखंडी तव्यावर तापवून त्यांतले पाणी उडवा आणि भुकटी गार होऊ द्या. मग दोन पेल्यांत सारखे पाणी घेऊन एकात खडे, दुसऱ्यात भुकटी टाका आणि थर्मामीटर धरा. खड्यांचा पेला गार पडेल, भुकटीचा कोमट होईल. पदार्थ एकच, पण उष्णतेचे खाते उलट. दुसरा प्रयोग बटाट्याचा. सारख्या वजनाच्या फोडी वेगवेगळ्या खारटपणाच्या पाण्यात दोन तास ठेवा आणि पुन्हा वजन करा. साध्या पाण्यातली फोड फुगेल, खाऱ्यातली आकसेल. मध्ये कुठेतरी वजन बदलणारच नाही. ती जागा मुलांना आलेखावर शोधू द्या. त्या जागी बटाट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची ओढ सारखी झालेली असते. शेतकऱ्याच्या मुलाला मुळाचे दुःख त्यातून कळेल.

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. ते कडक पत्र त्याने फाडले. पोती पत्र्याखालून काढून भिंतीच्या सावलीत, लाकडी फळीवर ठेवली. उरलेला लगदा मोजलेल्या पाण्यात पुरता विरघळवला आणि त्या पाण्याची घनता हायड्रोमीटरने मोजून तेवढेच मीठ हिशेबात धरले. पुढचे लॉट जुळले. मग त्याने वही उघडली आणि लॉटमागे मीठ किती टाकले या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखला: मीठ किती बाहेर गेले. पहिल्या महिन्याची बेरीज करून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, हे मीठ मी विकत घेतो, आणि पुन्हा पैसे देऊन बाहेर सोडतो."

मी म्हटले, "हे तुझ्या लक्षात आलं, आता पुढचं गणित करायला सोपं आहे."

सोलापूर हे पाणी मोजून वापरणारे गाव आहे. चादरीने त्याचे नाव देशभर नेले. ते नाव टिकायचे तर चादरीमागचे पाणीही टिकले पाहिजे. आपण शेतकरी असा, रंगारी असा, शिक्षक असा, पाण्यात काही टाकताना दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: हे काम किती करणार आहे, आणि काम झाल्यावर हे जाणार कुठे?